बाहुली नको, ठोकळा हवा

आपल्याकडे गल्लीत एखादी तरी ‘माँटेसरी’ असतेच. भिंतीवर कार्टून, गेटवर पिवळी व्हॅन आणि आत फी परवडणाऱ्या घरांतली मुलं. पण हे आडनाव जिचं आहे, त्या मारियाचं काम सुरू झालं ते अगदी वेगळ्या मुलांपासून. त्या काळी ज्यांना ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूला काढलं जायचं आणि कुठलीच शाळा घ्यायला तयार नसायची, त्या मुलांपासून.

मारिया माँटेसरीचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआरावाल्ले गावचा. वडील सरकारी नोकरीत. मुलीनं शिक्षिका व्हावं असं त्यांना वाटायचं, तर पोरीला आधी इंजिनीअर आणि मग डॉक्टर व्हायचं होतं. रोममध्ये मेडिकलला प्रवेश मिळाला खरा, पण मुलांच्या बरोबरीनं शवविच्छेदन करायची तिला मुभा नव्हती. सगळे घरी गेल्यावर संध्याकाळी ती एकटीच मृतदेहांसोबत अभ्यास करायची. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक.

पुढच्या वर्षी तिनं विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम घेतलं. त्यासाठी शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागायचं. तिथं ही लहान मुलंही कोंडलेली असायची. बहुतेक चरित्रांत येणारा एक प्रसंग तिथलाच आहे. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर सांडलेल्या पावाच्या तुकड्यांवर तुटून पडतात, अशी सांभाळणाऱ्या बाईची किळसवाणी तक्रार होती. मारियानं खोलीत पाहिलं. चार भिंती सोडल्या तर काहीच नव्हतं. एक खेळणं नाही, चेंडू नाही, साधी काठीसुद्धा नाही. मुलं ते तुकडे चिवडत होती, मळत होती, गोळ्या करत होती. त्यांना हातात धरायला काहीतरी हवं होतं, एवढंच.

मग खेळण्यांचं एक खोकं आणून दिलं की प्रश्न मिटला? तिनं तसं केलं नाही. ती वाचायला बसली. इतार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं शंभर वर्षांपूर्वी जंगलातून आलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवायचा प्रयत्न केला होता. इतारनं त्याला हरतऱ्हेची खेळणी देऊन पाहिली. व्हिक्टर वैतागायचा, ती लपवायचा, मोडायचा. एकदा तर त्यानं लाकडी खेळणी सरळ चुलीत घातली! तोच मुलगा उपड्या वाट्यांपैकी कुठल्या वाटीखाली चेस्टनट लपवलाय हे मात्र मन लावून शोधायचा. इतारच्या शिष्यानं, सेगँनं, पुढे अशा मुलांसाठी साहित्य तयार केलं. मारियानं या दोघांची पुस्तकं स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढली. सेगँचं एकटं पुस्तकच सहाशे पानांचं. घाईत वाचलं तर शब्द निसटतील म्हणून हा खटाटोप. (आपण पीडीएफ डाउनलोड करून ठेवतो, ते वेगळं.)

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा आणि त्यांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. दोन वर्षं मारिया दिवसभर मुलांत असायची आणि रात्री नोंदी करायची. साहित्य ती स्वतः करवून घ्यायची. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर, एकाला बटणं, दुसऱ्याला नाड्या. अंगातल्या सदऱ्याचं बटण लावताना अडणारं मूल समोर ठेवलेल्या चौकटीवर शांतपणे सराव करू शकतं. अक्षरं लाकडाची, रंगवलेली, हातानं गिरवायची. यातली काही मुलं लिहा-वाचायला इतकी शिकली की तिनं त्यांना सरकारी शाळेच्या परीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. सगळीकडे वाहवा झाली. मारियाच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळू लागला: ही मुलं इथवर येऊ शकतात, तर बाकीच्या शाळा त्यांच्या धडधाकट मुलांचं नेमकं काय करताहेत?

याच काळात तिच्या घरात काय चाललं होतं, हेही सांगायला हवं. शाळेत तिच्यासोबत काम करणारे डॉक्टर मोंतेसानो यांच्यापासून तिला १८९८ मध्ये मुलगा झाला होता, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. ही गोष्ट फुटली असती तर तिचं काम तिथंच संपलं असतं. बाळ खेड्यात एका कुटुंबाकडे ठेवलं गेलं. मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि १९०१ मध्ये मारिया शाळा सोडून बाहेर पडली. दुसऱ्यांच्या मुलांचे हात धरणारी ही बाई स्वतःच्या मुलाला अधूनमधून जाऊन भेटायची. मारिओ तिच्याकडे राहायला आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

६ जानेवारी १९०७. इटलीत या सणाला बेफाना नावाची म्हातारी मुलांना खाऊ-खेळणी वाटते, अशी समजूत. नेमक्या त्याच दिवशी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारियाचं ‘बालगृह’ उघडलं. आईबाप कामावर गेले की जिने-भिंती खराब करणारी पन्नासेक पोरं. इमारतवाल्या कंपनीनं खोली दिली, बाकीचं मारियानं जमवायचं होतं. ओळखीच्या श्रीमंत बायकांनी छान छान खेळणी पाठवली. बाहुल्या, त्यांची भांडीकुंडी, छोटं स्वयंपाकघर. शेजारीच तिनं आपलं जुनं साहित्य मांडलं.

पोरांनी बाहुल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही! मारियाला हे इतकं विचित्र वाटलं की ती स्वतः बाहुलीची चूल मांडून दाखवायला बसली. मुलं जराशी थांबली आणि निघून गेली. तीन वर्षांची एक मुलगी मात्र लाकडी ठोकळ्यातल्या दट्ट्या काढून परत आपापल्या भोकात बसवत होती. मारियानं इतर मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलगी मांडीवर ठोकळा घेऊन सुरूच. चाळीसहून जास्त वेळा तिनं ते केलं आणि मग झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न चेहऱ्यानं थांबली.

त्या ठोकळ्यात काय होतं? प्रत्येक दट्ट्याला छोटी मूठ. ती चिमटीत धरताना पुढे पेन्सिल धरणारी बोटं तयार होतात. आणि प्रत्येक दट्ट्याचं भोक ठरलेलं. चुकलं तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि मुलाला स्वतःलाच कळतं. बाईंनी ओरडायची गरज नाही. ज्या मुलाला दिवसभर ‘तुला जमणार नाही’ हेच ऐकायला मिळतं, त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

आता तुमच्या एनएसएसच्या खेळणी-संकलनाबद्दल. त्या ठोकळ्यातला एक दट्ट्या हरवला तर तो देण्यात काही अर्थ उरत नाही, कारण मग चूक कुठली आणि हरवलेलं कुठलं हे मुलाला कळणार कसं? दोन तुकडे गायब असलेलं पझल आपण ‘अजून चालतंय की’ म्हणून खोक्यात टाकतो. विशेष मुलांच्या बालवर्गात ते पहिल्याच दिवशी बाद होतं. सेल संपलेली, नुसती वाजणारी गाडीही तशीच. त्यापेक्षा तिथल्या बाईंना आधी फोन करून काय हवंय ते विचारावं. उत्तर बहुतेक वेळा स्वस्त असतं: मोठ्या मण्यांची ओवणी, जाड क्रेयॉन, झाकणं लावायच्या बरण्या, किंवा नुसते आठवड्याचे दोन तास.

स्वस्तावरून आठवलं. सान लोरेंझोत मारियाला जुन्यासारखी रंगीत लाकडी अक्षरं हवी होती. कारागीर मिळेना. वाट पाहण्यात दोन महिने गेले. शेवटी तिनं पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवली. बोट फिरवलं की खरखर लागते, घसरलं की गुळगुळीत, म्हणजे मूल वाट चुकल्याचं बोटानंच ओळखतं. महागड्या लाकडी अक्षरांत ही सोय नव्हती.

१९३९ मध्ये ती भारतात आली, मद्रासजवळ अड्यारला. युद्धात इटली उतरल्यावर १९४० मध्ये इंग्रजांनी मारिओला कैदेत टाकलं आणि तिला तिथल्या आवारातच राहायला लावलं. सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयनं भेट म्हणून मुलगा परत दिला, आणि तारेत त्याचा उल्लेख तिचा मुलगा असाच केला. जगापुढे तोवर तो तिचा भाचा किंवा दत्तक होता.

तिच्या पद्धतीचं बोट धरून आपल्या ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम करत होत्या. पण परदेशी साहित्याची किंमत इथल्या बालवाडीला झेपणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाडीत मोजायला, लावायला, ओवायला लागणारं सामान त्यांनी आजूबाजूलाच शोधलं: शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. सकाळी मुलांनीच ते गोळा करून आणायचं आणि त्यावरच दिवसाचा वर्ग चालायचा.