‘बॉम्बे हाय’मागचा माणूस: केशवदेव मालवीय कोण होते?

पुण्यातल्या पंपावरच्या पेट्रोलच्या दरात कर असतो, तसाच जगाच्या बाजारातला कच्च्या तेलाचा भावही असतो. विकणारा सांगेल तो भाव मुकाट मान्य करायचा नाही, हे भारताला दाखवून देणारे मंत्री म्हणजे केशवदेव मालवीय.

जन्म १९०४, अलाहाबाद. त्यांच्याच पुढाकाराने १९५६ मध्ये ‘ओएनजीसी’ उभी राहिली आणि १९६० मध्ये गुजरातमधील अंकलेश्वरला तेल लागले.

खरी गंमत त्याच वर्षी घडली. रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. पण तुर्भ्यातल्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या रिफायनरी परदेशी कंपन्यांच्या. त्यांनी ते तेल शुद्ध करायला नकार दिला. मात्र थोड्याच काळात स्वतःच्या तेलावर सवलत दिली! देशाची मागणी तेवढीच होती. फक्त दारात दुसरा विक्रेता उभा राहिला होता.

निवडणूक निधीच्या वादातून १९६३ मध्ये मालवीयांचे मंत्रिपद गेले.

१९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा आवळला. बॅरलचा भाव काही महिन्यांत सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरजवळ पोहोचला. समुद्रातली विहीर जमिनीवरच्या विहिरीपेक्षा कितीतरी महाग. पण ३ डॉलरला न परवडणारी विहीर १२ डॉलरला परवडू शकते. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले. त्याच वर्षी पेट्रोलियम खाते पुन्हा मालवीयांकडे आले. मे १९७६ मध्ये, अवघ्या सव्वादोन वर्षांत, तिथून उत्पादन सुरू झाले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.