बुकबाइंडरचा बायोडाटा

कॅम्पस इंटरव्ह्यूची नोटीस बोर्डावर लागली की होस्टेलचं वातावरण एका दिवसात बदलतं. ज्याच्याकडे टाय आहे त्याच्या खोलीत गर्दी वाढते. एकाचा बायोडाटा फक्त नाव आणि पत्ता बदलून दहा जणांचा होतो. ॲप्टिट्यूडची पुस्तकं मेसच्या टेबलावरसुद्धा दिसू लागतात. आणि रात्री उशिरा कुणीतरी मनातली गोष्ट बोलून टाकतो. पेपर सोडवू हो, पण चार लोकांसमोर उभं राहून बोलायचं कसं? आपलं शिक्षण गावातलं, घरात कुणी शिकलेलं नाही, ओळख नाही, पाळख नाही.

मित्रांनो, ही अडचण आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका माणसालाही आली होती. त्याच्या नावाचे नियम आपण फर्स्ट इयरला पाठ केले. त्याच्या नावाचं एकक प्रत्येक कपॅसिटरच्या मापात असतं. तो म्हणजे मायकेल फॅरेडे. त्याने लावलेले शोध आपल्याला माहीत असतात, पण त्याने नोकरी कशी मिळवली आणि बोलायला कसा शिकला, हे सिलॅबसमध्ये नसतं.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथे झाला. वडील लोहार, त्यात तब्येतीने कायमचे अधू. घरात चार मुलं. लिहिणं, वाचणं आणि थोडा हिशेब, एवढंच त्याचं शालेय शिक्षण. १८०४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. घरोघरी वर्तमानपत्रं पोचवायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. पोरगा कामसू दिसल्यावर पुढच्याच वर्षी रीबोने त्याला पुस्तकबांधणीचा उमेदवार म्हणून सात वर्षांसाठी ठेवून घेतलं आणि त्याची फी घेतली नाही.

बांधायला येणारी पुस्तकं तो वाचू लागला. एका ज्ञानकोशात त्याला विजेवरचा लेख मिळाला. जेन मार्सेट या बाईंच्या संवादरूपातल्या पुस्तकातून रसायनशास्त्राची गोडी लागली. आयझॅक वॉट्स यांच्या एका पुस्तकाने मात्र त्याला अभ्यासाची शिस्त लावली. व्याख्यानं ऐका, टिपणं काढा, मित्रांशी पत्रव्यवहार ठेवा, चर्चा करा, असा त्यातला उपदेश. बहुतेक जण असा उपदेश वाचून पुस्तक मिटतात. हा पठ्ठ्या तो एकेक करून अमलात आणायला बसला.

१८१० पासून तो सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत टेटम यांची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा आणि तो द्यायचा लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट. फॅरेडे तिथे टिपणं घ्यायचा, घरी येऊन ती सुवाच्य अक्षरात उतरवायचा. उपकरणांच्या आकृत्या नीट याव्यात म्हणून रीबोकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो चित्रकलाही शिकला. ही वही दुकानात येणाऱ्यांच्या नजरेला पडली आणि त्यातून १८१२ च्या वसंतात त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं मिळाली. डेव्ही म्हणजे त्या काळातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ, आणि बोलायला उभे राहिले की सभागृह भरून जायचं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उमेदवारी संपली. आता जन्मभर पुस्तकं बांधायची की काय, हा प्रश्न समोर उभा राहिला. नवा मालक तापट होता. फॅरेडेने थेट रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना नोकरीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्रात होतं काय, तर एका अनोळखी पोराची इच्छा. तशी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येत असणार.

दुसऱ्या वेळी त्याने वेगळं केलं. डेव्हींच्या चारही व्याख्यानांची टिपणं त्याने विस्ताराने लिहिली, आकृत्या काढल्या, तीनशेच्या वर पानं झाली. मग ज्या कामात तो तरबेज होता ते केलं, म्हणजे त्या पानांचं स्वतःच्या हाताने सुरेख पुस्तक बांधलं. डिसेंबर १८१२ मध्ये पत्रासोबत ते डेव्हींकडे गेलं. विचार करा, त्या एका पुस्तकात त्याचा सगळा बायोडाटा होता. ऐकलेलं समजतं, समजलेलं मांडता येतं, हाताला सफाई आहे, घेतलेलं काम पुरं होतं. माझ्याकडे हे गुण आहेत असं वेगळं लिहायची गरजच उरली नाही.

डेव्हींनी लगेच उत्तर दिलं आणि जानेवारी १८१३ मध्ये भेटायला बोलावलं. पण जागा नव्हती. बांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला मिळाला. म्हणजे इंटरव्ह्यू चांगला झाला, पण सिलेक्शन नाही! पुढे काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाने उपकरणं बनवणाऱ्याशी मारामारी केली आणि त्याला काढून टाकण्यात आलं. डेव्हींना ताबडतोब ते पुस्तक पाठवणारा मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडेची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग, राहायला माडीवरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. मारामारी झाली हे नशीब, पण नाव आठवलं ते वहीमुळे.

नोकरीत त्याचं एक काम होतं व्याख्यात्यांची उपकरणं मांडून देणं. टेबलामागे उभं राहून त्याला रोज बोलणारा आणि ऐकणारे दोन्ही दिसायचे. नेमणुकीला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा जून १८१३ मध्ये त्याने ॲबट या मित्राला लांबलचक पत्रं लिहून व्याख्यान कसं असावं याची चिकित्सा केली. वय २१, स्वतः एकही व्याख्यान दिलेलं नाही. खोलीत हवा खेळती हवी. उपकरण शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे आणि त्याने बोलणाऱ्याला झाकता कामा नये. तोंड श्रोत्यांकडे हवं. बोलणं सावकाश आणि स्पष्ट. एक तास पुरे. माफी मागत बसू नये आणि टाळ्यांसाठी बोलू नये. आपले सेमिनार डोळ्यांपुढे आणा. आपण स्क्रीनकडे तोंड करून वाचतो आणि सुरुवातच तयारी झाली नाही हं, सॉरी, अशी करतो.

जानेवारी १८१६ मध्ये सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने पहिलं व्याख्यान दिलं. ज्या संस्थेत भावाच्या शिलिंगवर मागे बसून ऐकलं, तिथेच. पण दुसऱ्याच्या चुका दिसणं वेगळं आणि आपल्या जाणं वेगळं, हे त्याला कळत होतं. १८१८ मध्ये तो बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे जाऊ लागला, तेही तुटपुंज्या पगारातून पैसे मोजून. मॅग्रॅथ नावाच्या मित्राला त्याने समोर बसवून चुका टिपायचं काम दिलं होतं. भरात आला की त्याचा वेग वाढायचा. म्हणून सावकाश असा शब्द लिहिलेलं कार्ड समोर ठेवलं जाई, आणि विसरला तर सहाय्यक अँडरसन ते पुढे सरकवायचा. मोठा झाल्यावरही त्याने ही सवय सोडली नाही.

एक ठेचही सांगायला हवी. सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने विद्युतप्रवाहाच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरती ठेवून दाखवली. मोटरची ती पहिली पायरी. घाईघाईने निबंध छापला, पण त्याच विषयावर आधी विचार केलेल्या वोलास्टन यांचं नाव त्यात घालायचं राहिलं. चोरीची कुजबुज झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत निवड होताना खुद्द डेव्ही विरोधात होते, निवड झाली पण एक मत विरुद्ध पडलंच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभाराचं पान शेवटच्या रात्री दुसऱ्याचं कॉपी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. श्रेय नीट देणं हाही स्वतःला मांडण्याचाच भाग आहे.

१८२५ मध्ये तो प्रयोगशाळेचा संचालक झाला. त्याच सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारची संध्याकाळची व्याख्यानं आणि मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. नाताळची मालिका १८२७ ते १८६० या काळात त्याने एकट्याने १९ वेळा दिली. त्यातली साध्या मेणबत्तीवरची व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जगभर वाचली गेली. हातातला दगड सोडला तर खाली पडतो, एवढं सांगायचं असलं तरी तो दगड खरोखर सोडून दाखवावा, अशी त्याची पद्धत होती. ऑगस्ट १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा हा माणूस गणितात कच्चा होता. म्हणून त्याने बलरेषांचं चित्र डोळ्यांपुढे उभं केलं आणि पुढे मॅक्सवेलने त्याला समीकरणांत बसवलं. न येणारी गोष्ट झाकण्यापेक्षा येणारी गोष्ट त्याने इतकी स्पष्ट केली.

उतारवयात स्मरणशक्ती साथ देईना, तेव्हा १८६२ मध्ये त्याने व्याख्यानं थांबवली. सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं होतं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. त्याने बांधलेलं ते टिपणांचं पुस्तक रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवलं आहे.

तेव्हा मित्रांनो, टाय मिळेल, तो शेजारच्या खोलीत आहे. बायोडाटात मात्र दुसऱ्याचं काही नको. आपण खरोखर केलेली एक गोष्ट, मग ती बिघडलेला पंप दुरुस्त केल्याची का असेना, नीट लिहा, आकृती काढा. मग रूम पार्टनरला समोर बसवा, हातात कागद द्या आणि चुका टिपायला सांगा. तो हसेल, हसू द्या. कागदावर पहिला शब्द बहुधा सावकाश हाच येईल.