कॅथेड्रल जमिनीत खचत होतं, आणि ते वाचवायला बोलावला एक पाणबुड्या!

घराची दुरुस्ती काढलेल्या माणसाला कधी विचारून बघा. बाथरूमच्या दोन टाइल्स बदलायच्या म्हणून गवंडी येतो. टाइल उचकटली की खाली गळका पाइप निघतो. पाइप काढायला जावं तर मागची अख्खी भिंत ओल धरून बसलेली असते. दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं आणि बजेटबद्दल तर बोलायलाच नको.

१९०५ साली इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहरात अगदी हेच घडलं. फरक एवढाच की तिथे बाथरूम नव्हतं. तिथे होतं सव्वाआठशे वर्षं जुनं, जवळपास १७० मीटर लांबीचं दगडी कॅथेड्रल. आणि ते वाचवण्याचं सगळ्यात अवघड काम ज्याच्या वाट्याला आलं तो आर्किटेक्टही नव्हता आणि गवंडीही नव्हता. तो होता पाणबुड्या. नाव विल्यम वॉकर.

विंचेस्टर हे लंडनच्या नैऋत्येला, इचेन नदीच्या खोऱ्यात वसलेलं जुनं शहर. एके काळी इथून इंग्लंडचे राजे कारभार बघायचे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर १०७९ मध्ये इथे नव्या कॅथेड्रलचं बांधकाम सुरू केलं. जागा नदीकाठची, म्हणजे पाणथळ. पहिला दणका लवकरच बसला. ११०७ साली कॅथेड्रलचा मधला मनोराच कोसळला. त्याआधी काही वर्षं विल्यम रूफस या बदनाम राजाला त्याच मनोऱ्याखाली पुरलं होतं, त्यामुळे लोकांनी खापर त्याच्या पापांवर फोडलं. पायाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडचा भाग वाढवायचा ठरला. तिथली जमीन आणखीनच भुसभुशीत. मग कारागिरांनी बीच झाडाचे ओंडके आडवे-उभे रचून त्यांचा एक तराफाच जमिनीत घातला आणि त्याच्यावर दगडी भिंती चढवल्या. त्या काळच्या मानाने ही युक्ती वाईट नव्हती. सातशे वर्षं तिने वजन पेललं, हे विसरून चालणार नाही.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींना गेलेल्या भेगा रुंदावू लागल्या. काही भेगा एवढ्या मोठ्या होत्या की त्यात घुबडं बसायची म्हणे. छतातून दगडाचे तुकडे खाली पडू लागले, भिंती बाहेरच्या बाजूला कलल्या. तेव्हा थॉमस जॅक्सन या नामांकित आर्किटेक्टला बोलावलं गेलं. त्यांनी भिंतीलगत खड्डा खणून पाया बघायचं ठरवलं.

आणि टाइल उचकटली गेली.

खाली ते ओंडके सापडले. ओंडक्यांच्या खाली चिकट माती, आणि तिच्याखाली पीटचा जाड थर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. काळा, मऊ आणि पाण्याने भरलेल्या स्पंजसारखा. वर वजन आलं की दबणारा. वजन सगळीकडे सारखं नसल्यामुळे तो कुठे कमी दबला, कुठे जास्त, आणि त्या हिशेबाने वरच्या भिंती फाटत गेल्या. भक्कम म्हणावा असा खडीचा थर या पीटच्याही खाली होता. त्यामुळे इलाज सोपा वाटला. भिंतीखालचा पीट थोडाथोडा काढायचा, खडीपर्यंत पोहोचायचं आणि तिथून नवा पाया वर आणून जुन्या भिंतीला टेकवायचा.

पीट फोडला, आणि खालून पाणी उसळून वर आलं. बघता बघता खड्डा भरून गेला.

मग वाफेवर चालणारा पंप आणला. पाणी उपसलं तर जात होतं, पण पंपातून निघणारं पाणी गढूळ होतं. म्हणजे पाण्याबरोबर भिंतीखालची बारीक वाळू आणि मातीसुद्धा बाहेर येत होती. पंप जितका जास्त चालवावा तितकी भिंतीखालची जमीन पोकळ होणार. तोपर्यंत कामावर आलेले इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांनी पंप बंद करायला लावला. कॅथेड्रलला लावलेलं औषधच त्याचा जीव घेणार होतं.

पाणी काढता येत नसेल तर काम पाण्यातच करायचं, असा मार्ग फॉक्स यांनी काढला. पण पाण्याखाली गवंडीकाम करणार कोण?

विल्यम वॉकरचा जन्म १८६९ चा, दक्षिण लंडनमधला. तो सीब गॉर्मन या पाणबुड्यांचं सामान बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीचा पाणबुड्या होता. तेव्हाच्या पाणबुड्याचा पोशाख म्हणजे रबरी कापडाचा जाड सूट, डोक्यावर धातूचं गोल शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट आणि अंगावर वजनं. सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास. वर उभी असलेली माणसं हाताने पंप मारणार आणि नळीतून हवा खाली येणार. पंप थांबला की खेळ संपला.

एप्रिल १९०६ मध्ये वॉकर पहिल्यांदा कॅथेड्रलच्या भिंतीखालच्या खड्ड्यात उतरला. त्याचं काम कसं चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे. सगळी भिंत एकदम मोकळी केली असती तर ती खालीच आली असती. म्हणून आधी भिंतींना लाकडी टेकू दिले आणि भेगांमध्ये दाबाने पातळ सिमेंट भरलं. मग मजूर भिंतीखाली एक अरुंद खड्डा पाणी लागेपर्यंत खणून द्यायचे आणि वॉकर त्यात उतरायचा. पाणी सहा मीटरपर्यंत खोल. तो तळाशी जाऊन हाताने पीट तोडून काढायचा आणि खडीचा थर मोकळा करायचा. वरून काँक्रीटची पोती खाली सोडली जायची. ती एकमेकांना घट्ट लावून रचायची, चाकूने फाडायची, वर पुन्हा थर द्यायचा. हे काँक्रीट साधारण एक दिवसात घट्ट झालं की खड्ड्याचं बूड बंद व्हायचं. आता पंप लावला तरी फक्त खड्ड्यातलं पाणी निघणार, खालची वाळू जागेवर राहणार. खड्डा कोरडा झाला की बाकीचे गवंडी उतरून काँक्रीटचे ठोकळे आणि विटा रचत जुन्या भिंतीपर्यंत पोहोचायचे. मग पुढचा खड्डा.

आणि हे सगळं आंधळेपणाने. पीट ढवळला गेला की पाणी इतकं काळं व्हायचं की दिव्याचाही उपयोग नव्हता. डोक्यावर हजारो टन दगड, भोवती थंडगार पाणी आणि डोळ्यांसमोर अंधार. पोतं सरळ बसलंय की तिरकं, हे फक्त हाताला कळायचं. वॉकर रोज सुमारे सहा तास असा खाली असायचा. सूट उतरवणं-चढवणं एवढं वेळखाऊ होतं की जेवायला वर आला की तो फक्त शिरस्त्राण काढायचा, पाइप ओढायचा आणि पुन्हा खाली जायचा. आठवडाभर हे करून सुट्टीला तो सायकल मारत क्रॉयडनला घरी जायचा. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त!

काम वाढत गेलं, तसा खर्चही. कॅथेड्रलचे डीन विल्यम फर्नो यांना वर्षानुवर्षं लोकांकडे देणग्या मागत फिरावं लागलं. पूर्वेचा भाग सावरला तर दक्षिणेची लांब भिंत बाहेर झुकलेली निघाली. त्या बाजूला पूर्वी मठाच्या ओवऱ्या टेकलेल्या होत्या, त्या सोळाव्या शतकात पाडून टाकल्या होत्या. शेवटी तिथे बाहेरून नव्या दगडी आधारभिंती उभ्या कराव्या लागल्या.

वॉकरचं पाण्याखालचं काम संपलं सप्टेंबर १९११ मध्ये, म्हणजे साडेपाच वर्षांनी. तोवर या कॅथेड्रलच्या पोटात काँक्रीटची सुमारे २५,८०० पोती, १,१४,९०० ठोकळे आणि ९ लाख विटा गेल्या होत्या. वॉकर एकटा नव्हता, सुमारे दीडशे मजूर त्या कामावर राबत होते. पण त्यांच्या प्रत्येक विटेखाली आधी वॉकरचं पोतं बसावं लागायचं.

१५ जुलै १९१२ ला कॅथेड्रलमध्ये मोठी आभारप्रार्थना झाली. हा दिवस विंचेस्टरचे संत स्विदन यांचा. या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, अशी इंग्लंडमध्ये समजूत आहे, आपल्याकडे नक्षत्रांच्या पावसाबद्दल असते तशीच. पाण्याने जेरीस आणलेल्या इमारतीला हाच दिवस मिळावा! राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हजर होते. वॉकरला राजाकडून रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचा सन्मान मिळाला.

त्यानंतर त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लूची साथ आली. मुंबईत त्या साथीने हजारो माणसं नेली, तशीच लंडनमध्येही. ३० ऑक्टोबर १९१८ ला वॉकर त्यात गेला. वय होतं ४९. लंडनजवळ एल्मर्स एंडच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

कॅथेड्रलमध्ये त्याचा छोटा पुतळा बसवायला १९६४ साल उजाडलं. पाणबुड्याचा पोशाख, हातात शिरस्त्राण, सगळं बरोबर. फक्त चेहरा चुकला. जुन्या फोटोवरून काम करताना घोटाळा झाला आणि वॉकरच्या अंगावर इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांचं डोकं आलं. ही चूक दुरुस्त व्हायला आणखी ३७ वर्षं गेली. २००१ मध्ये वॉकरच्या खऱ्या चेहऱ्याचा, झुपकेदार मिशांचा नवा पुतळा बसवला गेला.