सगळं मोजणारे डॉ. कुशिंग, आणि त्यांना मोजता न आलेलं हार्मोन

चेहरा चंद्रासारखा गोल होतो. पोट सुटतं, पण हातपाय बारीकच राहतात. पोटावर जांभळट पट्टे उमटतात, बीपी आणि शुगर वाढते. शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन बराच काळ जास्त राहिलं की असं होतं. या आजाराला म्हणतात ‘कुशिंग सिंड्रोम’. पण ज्यांचं नाव त्याला मिळालं, त्या डॉ. हार्वी कुशिंग यांना कॉर्टिसॉलची टेस्ट कधीच करता आली नाही!

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातला. दहा भावंडांत ते सगळ्यात धाकटे. हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकत असताना त्यांनी एका रुग्णाला भूल दिली आणि तो रुग्ण दगावला. ते हादरून गेले. पुढे अ‍ॅमरी कॉडमन या मित्रासोबत त्यांनी ऑपरेशनच्या वेळी नाडी आणि श्वासाची नोंद ठेवणारे तक्ते बनवले. १९०१ मध्ये इटलीत त्यांनी बीपी मोजायचं साधन पाहिलं आणि ते अमेरिकेत आणलं.

नंतर ते मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळले. त्यांनी मेंदूच्या २००० हून जास्त गाठींवर उपचार केले. आधुनिक न्यूरोसर्जरीचे जनक म्हणून आज ते ओळखले जातात.

याच काळात त्यांच्याकडे २३ वर्षांची एक तरुणी आली. वजन वाढलेलं, पाळी बंद, अंगावर जास्तीचे केस. १९१२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिची केस मांडली. मग अशाच रुग्णांच्या नोंदी ते जमवत राहिले. १९३२ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी अशा १२ जणांची माहिती प्रसिद्ध केली आणि सांगितलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली बारीक गाठ हे याचं मूळ आहे.

पण एक अडचण होती. काही रुग्णांच्या पिट्युटरीत गाठच नसायची, ती असायची मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. मग खरं कारण कोणतं? हे ठरवणारी टेस्ट तेव्हा नव्हती. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी कुशिंग यांचं निधन झालं.

उत्तर पुढे हार्मोन टेस्टनी दिलं. आज आधी कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे का, ते तपासतात. त्यासाठी २४ तासांची लघवी किंवा रात्री उशिराची लाळ घेतात. किंवा रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त तपासतात. निरोगी माणसात या गोळीने कॉर्टिसॉल खाली येतं, या आजारात ते पुरेसं उतरत नाही. एका टेस्टवर निदान पक्कं करत नाहीत.

मग पाहतात एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारं हार्मोन. ते अगदी कमी असेल तर दोष बहुधा अ‍ॅड्रिनलचा. नाहीतर बहुतेक वेळा पिट्युटरीचा, म्हणजे कुशिंग यांनी सांगितलेला ‘कुशिंग डिसीज’.

मात्र या लक्षणांचं सगळ्यात मोठं कारण गाठ नसून दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधं हे आहे. म्हणून टेस्टच्या आधी डॉक्टर औषधांची चौकशी करतात. तेव्हा गोळ्या, मलम, इंजेक्शन, सगळं सांगा. पण स्टेरॉइड स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.