दवाखान्याला मिरजेची वाट दाखवणारे डॉ. वानलेस

मिरज : दुखणं मोठं असलं की मिरजेला न्यायचं, ही सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातल्या खेड्यांची जुनी रीत. ही वाट पाडली एका परदेशी डॉक्टरने. त्यांचं नाव विल्यम जेम्स वानलेस. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

वानलेस यांचा जन्म १८६५ चा, कॅनडातला. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकी शिकून ते १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला. पुढे मिरजेला आले आणि १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल सुरू झालं. इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांनी देणगी दिली. मिरज हे रेल्वेचं जंक्शन. त्यामुळे पुणे, बेळगाव, कोल्हापूर अशा तिन्ही बाजूंनी पेशंट येऊ लागले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वानलेस यांचं नाव लांबवर गेलं. चाचपडत आलेला म्हातारा माणूस आपल्या पायांनी चालत गावी परतला, की पुढच्या वेळी त्याच गावातून आणखी चार जण यायचे. संस्थानिकांपासून शेतमजुरापर्यंत सगळे एकाच डॉक्टरकडे येत. ज्याची ऐपत आहे त्याने फी द्यायची, गरिबाला पैशावाचून परत पाठवायचं नाही, असा तिथला रिवाज होता. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, पण उपचार सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना मिळत.

वानलेस यांचं खरं मोठेपण मात्र ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचं आहे. दारात आलेला पेशंट बरा करून ते थांबले नाहीत. या मुलखाला कशाची गरज आहे, ते त्यांनी बघितलं.

पहिली गरज डॉक्टरांची. एकटा माणूस किती गावांना पुरणार? म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली. मिशनने चालवलेली ही देशातली पहिली वैद्यकीय शाळा मानतात. इथे शिकलेली मुलं पुढे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत कामाला लागली.

दुसरी गरज महारोग्यांची. घरचे बाहेर काढत, गाव जवळ येऊ देत नसे. त्यांच्या राहण्याची आणि उपचारांची वेगळी सोय उभी राहिली. तिसरी क्षयाची. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच उपाय. त्यासाठी गावापासून दूर माळावर क्षय रुग्णालय झालं. तीच आजची वानलेसवाडी. पहिल्या पत्नी मेरी यांच्या नावाचं हॉस्पिटल कोल्हापुरात उभं राहिलं.

तीस वर्षांहून जास्त काळ काम करून वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. हॉस्पिटलची धुरा डॉ. चार्ल्स वेल यांच्याकडे गेली. १९३३ मध्ये वानलेस अमेरिकेत वारले. ते गेले तरी मिरजेला येणाऱ्या पेशंटची गर्दी थांबली नाही, कारण मागे शिकलेली माणसं आणि उभ्या संस्था होत्या.

दवाखाना धर्मादाय असेल तर त्याने आसपासच्या लोकांचं देणं लागतं, ही गोष्ट आता नियमातही आली आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. पण ही सोय मागितल्याशिवाय बऱ्याचदा पदरात पडत नाही. दाखल होताना रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा, रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.