न्यायमूर्ती रानडे यांची ईश्वरनिष्ठा

दिवस उजाडण्यापूर्वी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जागे होत आणि तुकोबांचे अभंग म्हणू लागत. गळा काही गवयाचा नव्हे, सुरातालाकडे लक्षही नसे. परंतु म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून येत. हेच गृहस्थ काही तासांनी न्यायासनावर बसले, म्हणजे पुराव्याचा कस लावल्याखेरीज कोणतेही म्हणणे मान्य करीत नसत. भक्ताचे अंतःकरण आणि न्यायाधीशाची चिकित्सक बुद्धी एकाच पुरुषाच्या ठायी नांदत होती.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून १८६२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत झळकले. त्या काळी नव्या विद्येने तरुणांच्या मनात मोठी खळबळ उडविली होती. कित्येकांची जुन्या आचारांवरील श्रद्धा ढळली, आणि तिच्याबरोबर ईश्वरावरचीही. काहींना मिशनऱ्यांचा उपदेश पटू लागला. रानडे यांनी यांपैकी एकही मार्ग धरला नाही.

१८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग आदी मंडळींनी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला. तेथे एका निराकार परमेश्वराची उपासना होई. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या समाजाचे आधारस्तंभ झाले. १८७२ साली रानडे यांनी एकेश्वरवाद्याची श्रद्धा कशी असावी, याविषयी एक निबंध लिहिला. कोणताही ग्रंथ सर्वथा निर्दोष व अपौरुषेय आहे, हे त्यांनी मानले नाही. अवतारांची कल्पनाही स्वीकारली नाही. मग ईश्वर ओळखावा कशावरून? सृष्टीतील सुसंगत व्यवस्थेवरून, आणि त्याहूनही अधिक, मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीवरून, असे त्यांचे मत होते. जीव, जगत् आणि परमेश्वर ही तिन्ही भिन्न असूनही परस्परांशी निगडित आहेत, असे ते मानीत. तथापि हा धर्म आपण नव्याने निर्माण केला, असा अभिमान त्यांना नव्हता. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या भागवतधर्माचीच ही वाट आहे, अशी त्यांची खात्री होती. म्हणूनच हिंदू समाजापासून फुटून निघणे त्यांना कधीच रुचले नाही.

परंतु अंतरीच्या आवाजाला ईश्वराची आज्ञा मानणाऱ्याची परीक्षाही कठीण असते. १८६९ साली मुंबईत झालेल्या विधवाविवाहास रानडे यांनी उघड पाठिंबा दिला व बहिष्कार सोसला. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली. आता हे स्वतः विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी मात्र अकरा वर्षांची मुलगी पाहून लग्न ठरविले. एकतीस वर्षांच्या मुलाने परोपरीने विनवणी केली. अखेर पित्याच्या शब्दापुढे मान तुकविली. येथे ते आपल्या तत्त्वाला उणे पडले, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. लोकनिंदा त्यांनी निमूटपणे ऐकून घेतली आणि त्या मुलीला, म्हणजेच रमाबाईंना, लगेच शिकवावयास आरंभ केला. घरातील स्त्रियांचा या शिक्षणाला विरोध होता. त्याला मात्र ते बधले नाहीत.

असाच प्रसंग पुढे पुन्हा आला. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानावरून मोठा गहजब उडाला. मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकही रागावले. या सौम्यपणाला कोणी दुबळेपणा म्हटले, कोणी क्षमाशीलता. त्यात दोहोंचाही अंश असावा.

इतिहासातही ईश्वरी योजना असते, अशी त्यांची श्रद्धा होती. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील १९०० सालच्या ग्रंथात, संतांनी मने जागी केली म्हणून स्वराज्याची भूमी तयार झाली, असे त्यांनी दाखविले. इंग्रजी राज्यही ईश्वराच्या योजनेने आले आहे, असे ते म्हणत. हे मात्र पुढील पिढीला पटले नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. रमाबाईंनी लिहिलेल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. मोठमोठ्या सभा आणि परिषदा यांच्या जोडीला पहाटेचे ते बेसूर अभंगही त्यांत जपून ठेवलेले आहेत.