श्रेष्ठिवर्य कै. कस्तुरभाई लालभाई

शत्रुंजय, देलवाडा, राणकपूर या तीर्थांची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. तेथील जीर्णोद्धार ज्यांच्या देखरेखीखाली पार पडले, ते कस्तुरभाई लालभाई आपणांस शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष म्हणून परिचित आहेत. गिरणीमालक या नात्याने त्यांनी कामगारांशी आणि समाजाशी कोणता व्यवहार ठेवला, याची चर्चा मात्र आपल्याकडे क्वचितच होते.

त्यांचा जन्म अहमदाबादेत १९ डिसेंबर १८९४ रोजी झाला. मोगल काळातील नगरशेठ शांतिदास जव्हेरी यांचे हे घराणे. १९१२ साली वडील लालभाई यांचे अकस्मात निधन झाले, तेव्हा कस्तुरभाई नुकतेच गुजरात कॉलेजात दाखल झाले होते. शिक्षण अर्धवट सोडून त्यांना रायपूर मिलची जबाबदारी स्वीकारावी लागली. मालकाचा मुलगा असूनही त्यांनी प्रारंभी कामगारांच्या हजेरीची नोंद ठेवण्याचे काम केले व पुढे कापूस खरेदीत लक्ष घातले. ज्याला कापसाची पारख नाही, त्याला सुताचा आणि पर्यायाने कापडाचा भरवसा देता येत नाही. आमच्या व्यवसायातील कोणीही अनुभवी माणूस या क्रमाचे मर्म ओळखील.

१९१८ च्या दुष्काळात मदतकार्याच्या निमित्ताने त्यांचा सार्वजनिक जीवनात प्रवेश झाला. पुढे मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी देशी कापडावरील अबकारी कराविरुद्ध आवाज उठविला. लँकेशायरच्या हितासाठी १८९६ पासून आपल्या गिरण्यांवर लादलेला साडेतीन टक्क्यांचा हा कर अखेर १९२६ साली रद्द झाला. १९३१ मध्ये, जागतिक मंदीचे सावट असताना, त्यांनी अरविंद मिल उभारली. जे तलम कापड परदेशातून येत असे, ते येथेच विणावे, हा त्यामागील विचार होता. स्वदेशीच्या नावाखाली जाडाभरडा माल ग्राहकाच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्या नीतीची खरी कसोटी १९३६ साली लागली. अहमदाबादेत मालक आणि मजूर महाजन यांच्यातील तंटे लवादाने मिटविण्याची पद्धत महात्मा गांधींच्या प्रेरणेने रूढ झाली होती. मंदीमुळे मालकांनी वेतनकपातीची मागणी केली, तेव्हा कामगारांच्या बाजूने स्वतः गांधीजी व मालकांच्या बाजूने कस्तुरभाई लवाद होते. दोघांचे एकमत झाले नाही. प्रकरण सरपंच म्हणून निवृत्त न्यायमूर्ती सर गोविंदराव मडगावकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी कपातीची मागणी नाकारली. कस्तुरभाईंनी कपातीचा पक्ष घेतला हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. आज वाचताना ते आपणांस रुचत नाही. परंतु ज्यांच्याविषयी नितांत आदर, त्यांच्यासमोर बसून आपल्या पक्षाचा हिशेब निर्भीडपणे मांडणे हेही सोपे काम नव्हते. ज्यांच्या हाती गिरणीचे दरवाजे बंद करण्याची सत्ता असते, त्यांनी तिसऱ्या माणसाच्या निर्णयाला बांधून घेण्याची ती पद्धत मला कोणत्याही देणगीपेक्षा मोठी वाटते.

देणग्या अर्थातच होत्या, आणि त्यांतही दूरदृष्टी होती. वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी विक्रम साराभाईंसमवेत उभारलेली ‘अटिरा’, अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी, मुनी पुण्यविजयजींच्या प्रेरणेने हजारो हस्तलिखितांचे जतन करणारे लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर आणि १९६१ साली स्थापन झालेली व्यवस्थापन शिक्षणाची राष्ट्रीय संस्था, या सर्वांशी त्यांचे नाव निगडित आहे. वलसाडजवळ आदिवासी वस्तीच्या भागात ‘अतुल’ हा रंग व रसायनांचा कारखाना त्यांनी काढला. त्याचे उद्घाटन १९५२ साली पंडित नेहरूंनी केले.

पेढीचे अध्यक्षपद त्यांनी १९२५ पासून सुमारे पन्नास वर्षे सांभाळले. पालिताणा दरबाराने यात्रेकरूंबाबत वाढीव रकमेचा आग्रह धरला, तेव्हा १९२६ पासून दोन वर्षे संघाने यात्राच बंद ठेवली. १९२८ मध्ये वार्षिक साठ हजार रुपयांवर, पस्तीस वर्षांसाठी, समझोता झाला.

देलवाड्याच्या जीर्णोद्धारात मूळ पाषाणाशी जुळणारा संगमरवर दांता परिसरातून आणण्यात आला व सोमपुरा शिल्पींनी जुन्या कोरीव कामाबरहुकूम घडविला. खर्च अंदाजापेक्षा वाढला. तरी स्वस्त दगडावर त्यांनी भागविले नाही. शत्रुंजयावर आदीश्वर दादांच्या मुख्य मंदिराभोवती कालांतराने बसविलेल्या प्रतिमांमुळे प्राचीन शिल्प झाकले गेले होते. त्या प्रतिमा हलविण्यास संघातील काहींचा विरोध होता, आणि त्यामागील श्रद्धा खोटी नव्हती. नवी टूंक बांधून १९७६ साली तेथे त्या जिनबिंबांची विधिपूर्वक प्रतिष्ठा करण्यात आली. विश्वस्ताला श्रद्धेचाही मान राखावा लागतो आणि वास्तूचाही. दोहोंची सांगड घालायला त्यांनी वेळ दिला, घाई केली नाही.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या निधनानिमित्त गिरण्या बंद ठेवू नयेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्या दिवशीही त्यांच्या गिरण्यांचे माग चालू राहिले.